९८२२ ची वंशावळ

कर्वेनगरकर · रविवार, रात्री ९.१०

आज दुपारी आईचा एक फॉर्म भरत होतो. त्यात 'मोबाईल सेवा पुरवठादार' असा रकाना होता. आईने विचारलं, "इथे काय लिहू रे? बिर्ला?"

आई ७८ वर्षांची आहे. नंबर बाबांनी १९९९ मध्ये घेतलेला, ९८२२ ने सुरू होणारा, आणि तेव्हापासून त्यातला एकही आकडा बदललेला नाही. बाबा गेल्यावर तो फोन आईकडे आला. मी म्हटलं, "वी लिही." ती म्हणाली, "वी म्हणजे कोण? मी तर कंपनी कधी बदललीच नाही."

तिचं म्हणणं खरं आहे. बाबांच्या कपाटातली टेलिफोनच्या बिलांची फाइल काढली, तर त्यात तीन कार्डं निघाली. पहिलं क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक. सिमचा तुकडा काढून घेतल्यावर राहिलेली खाच, आणि पाठीमागे बाबांच्या बारीक अक्षरात बॉलपेनने लिहिलेला पीयूके नंबर. त्यावर बिर्ला एटी अँड टी. दुसरं आयडियाचं, तिसरं वीचं. तिन्ही एकाच नंबरची.

मला ही साखळी नीट लावायची आहे. नंबर तोच राहून मालक कसे बदलत गेले, आणि आपल्या बाकीच्यांच्या हच, बीपीएल, टाटा इंडिकॉम, युनिनॉर या सगळ्यांचं काय झालं? इथे दूरसंचार खात्यातले, मोबाईलच्या धंद्यातले बरेच जण आहेत. सगळ्यांनी आपापला तुकडा आणून ठेवा, एका जागी जोडू या.

तारखात्यातला · रविवार, रात्री १०.३५

चांगला धागा. मी ३४ वर्षं दूरसंचार खात्यात होतो, त्यातली बरीच बाजीराव रोडच्या टेलिफोन भवनात गेली. सुरुवातीचं मी लिहितो.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना मोबाईलचं दार उघडलं. त्यासाठी देशाची सर्कल, म्हणजे परवान्यांचे विभाग, पाडली. आपलं सर्कल महाराष्ट्र आणि गोवा. मुंबई त्यातून बाहेर, तिचं सर्कल वेगळं. एवढं लक्षात ठेवलं की पुढची अर्धी वंशावळ आपोआप उलगडते. प्रत्येक सर्कलला सुरुवातीला दोनच खाजगी परवाने होते. आपल्याकडे ते बिर्ला एटी अँड टीला आणि बीपीएलला मिळाले. ९८२२ बिर्लांचे आणि ९८२३ बीपीएलचे. पुण्यात त्या काळी नंबर ऐकूनच माणूस कोणाकडे आहे ते कळायचं.

तेव्हाचे दर आजच्या मुलांना सांगितले तर विश्वास बसत नाही. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. लोक फोन वाजला की नंबर बघून कट करायचे आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवरून उलट फोन लावायचे. येणारा कॉल फुकट झाला २००३ मध्ये.

कंपन्यांनी परवाने मिळवताना अवाच्या सवा बोली लावल्या होत्या. त्या फेडता येईनात, तेव्हा १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्क काढून त्याऐवजी उत्पन्नातला हिस्सा घ्यायचं ठरलं. पण 'उत्पन्न' म्हणजे नेमकं काय धरायचं यावर सरकार आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी चढली. पेपरात एजीआर एजीआर (समायोजित सकल महसूल) म्हणून जे येतं ते हेच. आज तुमच्या आईंच्या नंबरची जी मालकी आहे तिचं मूळ त्या १९९९ च्या निर्णयात आहे. तिथे शेवटी येतो.

२००१ च्या सुमाराला बिर्ला एटी अँड टीत आंध्रची टाटा सेल्युलर मिसळली. कंपनी झाली बिर्ला टाटा एटी अँड टी. २००२ मध्ये त्याला 'आयडिया' हे नाव दिलं. त्याच वर्षी एअरटेल आपल्या सर्कलमध्ये आली, आणि १९ ऑक्टोबर २००२ ला आमच्या बीएसएनएलची सेलवन सुरू झाली. फॉर्मसाठी लागलेली रांग मी स्वतः पाहिली आहे. ९४२२ चे नंबर मिळावेत म्हणून ओळखीपाळखीचे लोक घरी यायचे.

नंतर एटी अँड टी २००५ मध्ये बाहेर पडली, टाटा २००६ मध्ये. राहिले एकटे बिर्ला. म्हणजे आईंनी 'बिर्ला' लिहिलं असतं तर २००६ ते २०१८ या काळात ते अगदी बरोबर ठरलं असतं.

नारायण पेठ · रविवार, रात्री १०.५२

बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा एकत्र आल्यावर आमच्या ऑफिसात त्या कंपनीला सगळे 'बटाटा' म्हणायचे! काकांनी लिहिलं आणि एकदम आठवलं. वाचनखूण साठवली.

डेक्कनक्वीन · सोमवार, सकाळी ८.२५

गाडीतूनच लिहितोय, लोणावळा गेलं.

मुंबई वेगळं सर्कल, हे आम्हा पासवाल्यांइतकं कोणाला माहीत नसेल. माझं कार्ड पुण्याचं बीपीएल होतं. घाट उतरता उतरता रेंज जायची, बोगद्यामागून बोगदे, आणि परत यायची तेव्हा रोमिंग सुरू झालेलं असायचं. घरून फोन आला तर दोन्हीकडून पैसे. म्हणून बायकोशी ठरलेलं होतं: गाडी वेळेवर असेल तर एक मिस कॉल, उशीर असेल तर दोन. ती दोन मिस कॉल ऐकून कुकर उशिरा लावायची.

पुण्याची बीपीएल आणि मुंबईची बीपीएल, पाटी एकच, पण पुढे दोन्हींची नशिबं वेगळी झाली. महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडूची बीपीएल २००५-०६ मध्ये एस्सारमार्फत हचिसन एस्सारकडे, म्हणजे हचकडे, गेली, आणि आमच्या पुण्याच्या फोनवर हच आलं. मुंबईची बीपीएल मात्र हचकडे गेली नाही. ती २००९ मध्ये 'लूप' झाली. तिचा २० वर्षांचा परवाना २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये संपला. एअरटेल तिला ७०० कोटींना घेणार होती, पण तो व्यवहार मोडला. मुंबईच्या लूपवाल्यांना नंबर दुसरीकडे न्यावे लागले. आमच्या डब्यात तेव्हा दोन जण लूपचे होते. महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

मुंबईचं हच तर त्याआधी ऑरेंज होतं आणि त्याच्याही आधी मॅक्स टच. म्हणजे माझ्या मुंबईच्या साहेबांच्या एका नंबरने मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि वी, अशी पाच नावं पाहिली. कर्वेनगरकरांच्या आईंपेक्षा दोन जास्त.

रिचार्जवाला कोथरूड · सोमवार, दुपारी ३.४०

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून सविस्तर लिहितो. आमचं दुकान २००३ पासून आहे. आधी एसटीडी बूथ, मग कूपनं, मग मोबाईल. कंपन्यांची नावं बदलली ती आम्ही आमच्या पाटीवर बदलली.

हचचं व्होडाफोन झालं तो दिवस पक्का लक्षात आहे, २१ सप्टेंबर २००७. त्या वर्षी व्होडाफोनने हचमधला हचिसनचा ६७ टक्के हिस्सा साधारण ११ अब्ज डॉलर देऊन घेतला होता, हे पेपरात वाचलेलं. पण आमच्यासाठी तो आकडा म्हणजे चार पोरं, एक शिडी आणि एक टेम्पो. आदल्या रात्री आले. गुलाबी ग्लो साइन काढली, लाल चढवली. भिंतीवरचा कुत्र्याचा पोस्टर काढून नवा लावला. सकाळी शटर वर केलं तर समोरचे दोन्ही दुकानदार आपल्याच पाटीकडे बघत उभे. दिवसभर म्हातारी माणसं विचारत होती, "माझं कार्ड चालेल ना? बॅलन्स जाणार नाही ना?" मी प्रत्येकाला एकच सांगत होतो, आजी, फक्त रंग बदललाय.

ते मी खरंच सांगत होतो, कारण तेव्हा तसंच होतं. नाव बदललं, नेटवर्क तेच राहिलं, कूपन तेच चाललं, माझं मार्जिन तेवढंच राहिलं.

२००९ नंतर मात्र वेगळं सुरू झालं. टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आणला आणि सगळ्यांनाच तो आणावा लागला. युनिनॉर आली, एअरसेल आली, व्हिडिओकॉन आली. माझ्या काउंटरच्या काचेखाली एका वेळी दहा कंपन्यांची दरपत्रकं होती. पोरं दिवसाला सिम बदलायची. मग २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि एकेक दरपत्रक काढत गेलो.

एका कंपनीने आमच्या सर्कलमधून गाशा गुंडाळला तेव्हाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. डिस्ट्रिब्युटरने माझ्या रिचार्जच्या सिममध्ये सोमवारी ९ हजारांचा बॅलन्स टाकला आणि गुरुवारी नेटवर्क गेलं. पैशांसाठी सहा महिने फेऱ्या मारल्या. निम्मे मिळाले. पण मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांची सगळी कामं त्या एका नंबरवर. आठ घरं. नंबर दुसरीकडे न्यायचा तर कोडचा एसएमएस यायला हवा, आणि एसएमएस यायला नेटवर्क हवं. ते दुकानाबाहेरच्या पायरीवर कधी एक काडी दाखवायचं. त्या रोज संध्याकाळी येऊन त्या पायरीवर फोन वर धरून उभ्या राहायच्या. चौथ्या दिवशी कोड आला. मी त्यांचं पोर्टिंग फुकट करून दिलं.

बंद पडलेल्या कंपनीची पाटी काढायला कोणीही आलं नाही. शेवटी मीच काढली. मागच्या भिंतीवर अजून चार खिळे आहेत.

हिंजवडी फेज दोन · सोमवार, सायं. ६.१५

वाचायला मस्त, पण मला खरंच प्रश्न पडतो: एवढं जीवाला लावून का घ्यायचं? मालक कोणीही असो, रेंज आणि डेटा मिळाला की झालं. आवडलं नाही तर पोर्ट. १९०० वर एक एसएमएस, तीन दिवसांत काम. मी कॉलेजपासून तीन कंपन्या बदलल्या.

तारखात्यातला · सोमवार, सायं. ७.००

पोर्ट करता येतं कारण तो नियम झाला, आणि तो व्हायला बराच काळ लागला. हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झालं, देशभर २० जानेवारी २०११ ला. तेही आपल्या सर्कलपुरतंच. पुण्याचा नंबर घेऊन बंगळूरला गेलात आणि तिथल्या कंपनीत न्यायचा, तर त्यासाठी ३ जुलै २०१५ उजाडावं लागलं. २०११ च्या आधीच्या १३-१४ वर्षांत कंपनी विकली गेली तर नंबरवाल्याने गपगुमान नव्या मालकाकडे जायचं, नाहीतर नंबर सोडायचा. ९८२२ ची आई कंपनी बदलत नव्हती याचं एक कारण हेही आहे. बदलली असती तर नंबर गेला असता.

नारायण पेठ · सोमवार, सायं. ७.२०

हिंजवडी, तुला पोर्ट करायला आज किती कंपन्या आहेत ते मोज. तीन खाजगी आणि एक बीएसएनएल. रिचार्जवाल्या दादांच्या काचेखाली दहा होत्या. डिसेंबर २०१९, मग २०२१ चा शेवट, मग जुलै २०२४. तिन्ही वेळा तिन्ही खाजगी कंपन्यांचे दर थोड्याच दिवसांच्या अंतराने वर गेले. जुलै २०२४ ला कितीतरी लोक बीएसएनएलकडे गेले ते उगीच नव्हे. माझ्या सासूबाई फक्त फोन घेतात, इंटरनेट वापरत नाहीत. तरी सिम चालू ठेवायला त्यांना दर महिन्याला जे भरावं लागतं ते त्यांच्या बोलण्याच्या मानाने फार आहे. तिथे 'पोर्ट' हे उत्तर पुरत नाही.

हिंजवडी फेज दोन · सोमवार, सायं. ७.३१

हे मान्य. सासूबाईंसारख्यांचा विचार मी केला नव्हता. पण २०१६ च्या आधी एक जीबीला किती मोजायचो तेही आठवा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली नसती तर मी घरी बसून पदव्युत्तर परीक्षेचे व्हिडिओ पाहूच शकलो नसतो. माझ्या गावी, करमाळ्याजवळ, तोपर्यंत कुणाकडे इंटरनेट नव्हतं. त्यामुळे कंपन्या कमी झाल्या म्हणजे सगळं वाईटच झालं, असं मला म्हणवत नाही.

सिग्नलमास्तर · सोमवार, रात्री ११.४५

उशीर झाला, साइटवरून आत्ता आलो. मी नेटवर्कच्या बाजूने लिहितो, कारण 'फक्त रंग बदलला' आणि 'दोन नेटवर्क एकत्र झाली' या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि या धाग्यात त्या मिसळल्या जात आहेत.

बीपीएलचं हच झालं आणि हचचं व्होडाफोन झालं, तेव्हा टॉवर तेच, लहरी त्याच, फोनच्या दृष्टीने नेटवर्कही तेच. जगातल्या प्रत्येक नेटवर्कला एक आकडी ओळख असते. भारताची सुरुवात ४०४ ने, नंतर ४०५ सुद्धा आला. आपल्या सर्कलमध्ये ४०४-२२ म्हणजे आयडिया, ४०४-२७ म्हणजे बीपीएल आणि मग हच आणि मग व्होडाफोन, ४०४-९० एअरटेल, ४०४-६६ बीएसएनएल. पाटी कितीही वेळा बदला, टॉवर हा आकडाच ओरडत असतो. पडद्यावर जे नाव दिसतं ते कधी सिममधून येतं, कधी नेटवर्क पाठवतं, आणि दोन्ही नसेल तर फोनमध्ये कारखान्यातच भरलेल्या यादीतून येतं. म्हणून जुन्या हँडसेटवर लोकांना कंपनीचं जुनं नाव दिसत राहायचं आणि ते दुकानात भांडायला यायचे. रिचार्जवाले दादा, तुम्हाला हे आठवत असेल.

आता ३१ ऑगस्ट २०१८. व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. जुळणीची घोषणा २० मार्च २०१७ ची. त्या दिवशी दोघांचे मिळून ४० कोटींवर ग्राहक झाले, देशातली सगळ्यात मोठी कंपनी. आणि या जुळणीचं काम आपल्या सर्कलमध्ये अवघड होतं, कारण इथे दोघींचेही पाय घट्ट रोवलेले होते. एकाच बिल्डिंगच्या गच्चीवर डाव्या कोपऱ्यात एकीचा अँटेना आणि उजव्या कोपऱ्यात दुसरीचा. दोन्हींचं भाडं, दोन्हींचं वीजबिल. जुळणी म्हणजे त्यातला एक काढायचा, त्याच्या लहरी दुसऱ्यावर चढवायच्या, आणि त्या गल्लीतल्या एकाही घरातली रेंज जाऊ द्यायची नाही. कागदावर दोन वर्तुळं एकमेकांवर बसतात. पेठेत बसत नाहीत.

पेठेचं का म्हणतो ते सांगतो. पहिल्या दोन परवान्यांना ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी मिळाल्या होत्या. त्या लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. चौथा परवाना घेऊन उशिरा आलेल्यांना १८०० मिळाल्या. त्या तेवढ्या आत जात नाहीत, म्हणून टॉवर जवळजवळ लावावे लागतात. सदाशिव पेठेतल्या वाड्याची दगडमातीची दोन हात जाड भिंत, आत माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर. तिथे बसून ९८२२ किंवा ९८२३ वर बोलता यायचं, म्हणून त्या भागात जुने नंबर टिकले. जुळणीच्या वेळी कोणता अँटेना ठेवायचा हे ठरवताना आम्ही खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकवून वाड्यावाड्यांतून चाललो. एका आजोबांनी मला स्वयंपाकघरातल्या फडताळाजवळ उभं केलं आणि म्हणाले, "इथून नागपूरच्या मुलीशी बोलतो मी. ही जागा गेली नाही पाहिजे." मी वहीत त्या फडताळावर खूण केली. ती जागा गेली नाही. माझ्या नोकरीतलं मला आवडलेलं काम कोणतं विचाराल तर ते.

सगळीकडे तसं साधलं नाही, हेही सांगायला हवं. कुठल्याही दोन नेटवर्कची जुळणी झाली की काही खिसे कोरडे पडतातच. पैसे असले की तिथे नवा टॉवर लागतो, नसले की तक्रार वहीत राहते.

कर्वेनगरकर, एक विनंती. घरात २००३-०४ चा एखादा साधा नोकिया पडला असेल तर आईंचं सिम त्यात घाला आणि नेटवर्क हाताने शोधून बघा. कोणती नावं येतात ते इथे लिहा.

मुळशीची लेक · मंगळवार, सकाळी १०.२०

सिग्नलमास्तरांच्या कोरड्या खिशात माझं माहेर आहे. ताम्हिणीच्या अलीकडे. आधी घराच्या ओट्यावर दोन कंपन्यांची रेंज यायची, आता एकीचीच येते आणि तीही वरच्या वळणावर. कोणाचं नाव घेत नाही, कारण कोणाकडे तक्रार करायची हेच आम्हाला कळलं नाही. जुन्या नंबरवर फोन केला तर म्हणाले नव्या कंपनीत करा, नव्या कंपनीत म्हणाले तुमचा टॉवर जुन्यांचा. वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा भाऊ मोटरसायकल घेऊन वळणावर गेला आणि तिथून फोन केला. वडील बरे आहेत. पण आम्ही ती वीस मिनिटं विसरलेलो नाही.

एकच म्हणायचंय. दोन कंपन्या एक होतात तेव्हा मोठमोठ्या अटी घातल्या जातात, बाजारातला हिस्सा एवढाच हवा, लहरी एवढ्याच हव्यात. जिथे आधी रेंज होती तिथे ती राहिलीच पाहिजे, अशी एक साधी अट गावागणिक घालायला काय हरकत आहे?

डेक्कनक्वीन · मंगळवार, सकाळी १०.४४

मुळशीची लेक, शंभर टक्के अनुमोदन. वडिलांना जपा.

रिचार्जवाला कोथरूड · मंगळवार, दुपारी २.१०

बाकीच्यांची वंशावळ राहिली, ती पटकन संपवतो. टाटा इंडिकॉम आपल्याकडे ह्यूजेसच्या कंपनीतून आलं, टाटांनी ती २००२ च्या सुमारास घेतली. पुढे डोकोमो, आणि शेवटी टाटांचे मोबाईल ग्राहक १ जुलै २०१९ ला एअरटेलकडे. युनिनॉरचं २०१५ ला टेलिनॉर झालं आणि २०१८ ला तेही एअरटेलकडे. रिलायन्स म्हणजे ५०१ रुपयांत फोन, २००३ ची 'मान्सून हंगामा' योजना. अंबानी भाऊ वेगळे झाल्यावर ती धाकट्याकडे गेली, २०१७ च्या अखेरीस तिचं मोबाईलवरचं बोलणं बंद. एअरसेल आणि ती एक होणार होत्या, तेही २०१७ ला फिसकटलं. २०१८ च्या जानेवारीअखेर एअरसेलची महाराष्ट्रातली सेवा थांबली.

आणि वी. ७ सप्टेंबर २०२० ला नाव आलं. उच्चार 'वी' असा करा असं आम्हाला सांगितलं होतं, पण काउंटरवर आजही शंभरातले नव्वद 'व्हीआय' म्हणतात आणि उरलेले 'आयडियाचं मारा' म्हणतात. कागदोपत्री कंपनी अजून व्होडाफोन आयडिया लिमिटेडच आहे.

तारखात्यातला · मंगळवार, दुपारी ४.३०

शेवटी येतो म्हणालो होतो. एजीआरच्या थकबाकीचं ओझं व्होडाफोन आयडियाला पेलवेना, तेव्हा सरकारने येणं असलेल्या पैशांच्या बदल्यात शेअर घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे, एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे. आता सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के आहे. ती सरकारी कंपनी झालेली नाही, कारभार अजून मूळ प्रवर्तकच बघतात, पण सगळ्यात मोठा भागीदार सरकार आहे.

मी १९९४ च्या त्या धोरणाचं परिपत्रक टेलिफोन भवनात वाचलेला माणूस. सरकारने हा धंदा खाजगी हातात दिला, बिर्लांनी नंबर वाटले, तीस वर्षांत चार पाट्या झाल्या, आणि आज ९८२२ च्या मागे सगळ्यात मोठं नाव पुन्हा सरकारचं. हे लिहिताना मला बरं वाटतंय की वाईट, ते ठरवता येत नाही. मनापासून वाटतं ते एवढंच की ती कंपनी टिकावी. ती गेली तर उरतील दोन खाजगी आणि आम्ही.

कर्वेनगरकर, एक कामाचं विचारतो. नंबर कोणाच्या नावावर आहे?

कर्वेनगरकर · मंगळवार, सायं. ६.०५

काका, बाबांच्याच. हे आमच्या कधी लक्षातच आलं नाही.

तारखात्यातला · मंगळवार, सायं. ६.२०

मग ते आधी करा. आईंचं बँकेचं, आधारचं, गॅसचं सगळं त्या नंबरवर येत असणार. उद्या सिम हरवलं किंवा नंबर दुसरीकडे न्यायचा झाला तर मालक समोर लागतो. मृत्यूचा दाखला, आईंचं आधार, नातं दाखवणारा कागद आणि बाकीच्या वारसांची ना हरकत घेऊन जा. 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आईंच्या नावावर कोणकोणते नंबर निघालेत तेही बघून घ्या. पेठेत असे शेकडो जुने नंबर गेलेल्या माणसांच्या नावावर चालू आहेत.

नारायण पेठ · मंगळवार, सायं. ६.४८

आमच्याकडचा सासऱ्यांच्या नावावर आहे. उद्याच बघते. धन्यवाद काका.

कर्वेनगरकर · रविवार, रात्री ८.३०

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

नाव बदलण्याचा अर्ज दिला. आई स्वतः आली होती. काउंटरवरच्या मुलीने बाबांचं नाव पडद्यावर दाखवून विचारलं, "हे काढू ना?" आई थोडा वेळ गप्प राहिली. मग "काढ बाळ" म्हणाली. मुलीनेही घाई केली नाही.

दुसरं, सिग्नलमास्तरांचं काम. माळ्यावरच्या डब्यात बाबांचा नोकिया ११०० सापडला. बॅटरी फुगलेली होती. तपकीर गल्लीत नवी मिळाली, आणि छोट्या सिमला बसणारी चौकटही तिथेच. आईचं सिम घातलं, टॉर्चचं बटण अजून चालतंय हे आधी आईने तपासलं, आणि मग नेटवर्क शोधायला लावलं. मिनिटभर ती पट्टी सरकत होती. यादीत तीनच नावं आली: आयडिया, एअरटेल, सेलवन. जिओ आलंच नाही, त्या फोनला ते दिसतच नाही.

आईने चष्मा लावून तिन्ही नावं वाचली आणि म्हणाली, "बघ, आहे की आयडिया." मग त्याच फोनवरून मावशीला लावला. मावशी म्हणाली, आज आवाज फार स्पष्ट येतोय.

तो फोन आता चार्जिंगला लावलाय. फॉर्मच्या रकान्यात आईने लिहिलंय: 'वी (पूर्वीचे बिर्ला)'.

सिग्नलमास्तर · रविवार, रात्री ९.०२

कर्वेनगरात कुठल्या बाजूला राहता? कॅनॉलच्या बाजूला असाल तर आवाज स्पष्ट येणारच. तिथला ९०० चा अँटेना आम्ही ठेवला होता.